शूट फिसकटलं तर काय करायचं? बेळगाव-खानापूर भागात फोटो काढणाऱ्यांसाठी

टिळकवाडीत लख्ख ऊन असतं. पिरनवाडीला वळून गाडी जांबोटीच्या रस्त्याला लागते, किणये येईपर्यंत वायपर चालू होतो, आणि जांबोटीच्या अलीकडं समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. मागच्या सीटवर लग्न ठरलेली जोडी, इस्त्री केलेले कपड्यांचे चार जोड, मेकअप करणारी ताई आणि तिची भलीमोठी पेटी. मग कुणीतरी विचारतंच, "आता काय करूया म्हणतासा?"

याचं उत्तर गाडीत बसून शोधायचं नसतं. ते आदल्या रात्रीच खिशात असायला लागतं. या भागात लग्नं, प्रीवेडिंग, बारशी आणि साड्यांचे कॅटलॉग करताना जे जे बिनसलं, त्यातून माझी एक पद्धत बसत गेली. ती इथं क्रमानं सांगतो. क्रम सगळीकडं सारखा लांब नाही, कारण काही अडचणी दोन ओळींत सुटतात आणि काहींना अख्खी संध्याकाळ जाते.

पहिला प्रश्न : हे परत होणार आहे का?

कुठल्याही शूटमधली गोष्ट दोनपैकी एका खात्यात जाते. प्रीवेडिंग, साडीचा कॅटलॉग, बाळाचे दर महिन्याचे फोटो, नव्या घराचे फोटो ही सगळी परत करता येणारी कामं. अंतरपाट सरकणं, हार घालणं, लेक गाडीत बसताना आईनं तोंडाला लावलेला पदर, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतला एखादा क्षण ही परत न होणारी.

अडचण आली की आधी खातं ओळखायचं. परत होणारं काम असेल तर शौर्य दाखवू नका. थांबा, कॅमेरा पिशवीत घाला, दुसरी तारीख घ्या. परत न होणारं असेल तर दर्जाचा विचार सोडून फोटो घ्या. दाणेदार चालेल, थोडा हललेला चालेल, रंग उडालेला असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करता येईल. फोटोच नसेल तर मात्र काहीच करता येत नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण होतं नेमकं उलटं. नवीन पोरं पावसात प्रीवेडिंग रेटतात आणि कॅमेरा भिजवतात. तीच पोरं अक्षतांच्या वेळी फ्लॅश का पेटेना म्हणून मान खाली घालून, लांबचा फ्लॅश पेटवणाऱ्या ट्रिगरची बटणं दाबत बसतात. मीही बसलोय. शेवटचं 'सावधान' कानावर आलं, वाजंत्री सुरू झाली, तरी मी चॅनेल नंबर जुळवत होतो. मान वर केली तेव्हा हार घालून झाले होते. त्या अल्बमात हार घालतानाचा जो फोटो आहे तो नवरीच्या मावसभावाच्या मोबाईलवरचा आहे. त्या घरचं कुणी खडेबाजारात दिसलं की आजही आधी मीच नमस्कार करतो.

आदल्या रात्रीची चिठ्ठी

शूटच्या आदल्या दिवशी घरातल्या एका जाणत्या माणसाला फोन करायचा आणि विचारायचं, "काकू, बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण हे फोटो आलेच पाहिजेत, असे कुठले?" त्यांना बोलू द्या. माझा अंदाज असतो स्टेजचा, वरातीचा. उत्तर येतं ते वेगळंच. एका घरी काकूंनी सांगितलं, "आमच्या मामंजींचा खुर्चीत बसलेला एकट्याचा फोटो काढा. बाकीचं तुम्ही बघा." मामंजी चार दिवसांपूर्वीच दवाखान्यातून घरी आले होते. हॉलवर पोचल्या पोचल्या मी तो फोटो घेतला. पुढं दुपारी जनरेटर बंद पडून जो गोंधळ झाला, त्यात तो नक्की राहून गेला असता.

चिठ्ठीत पाचच ओळी लिहायच्या. दहा लिहिल्या की ती यादी होते आणि यादी गर्दीत कुणी वाचत नाही. कागदावरच लिहा, कारण मोबाईलवर त्या दिवशी मांडववाल्यापासून नवऱ्याच्या मित्रापर्यंत सगळ्यांचे फोन चालू असतात. प्रत्येक ओळीपुढं दोन गोष्टी हव्यात : ही जागा नाही मिळाली तर कुठं, आणि किती वाजेपर्यंत.

वाजण्याचा हिशेब आपल्या गावाचा करा, पुस्तकातला नको. बेळगावात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातच्या. सहा महिन्यांत तासाभराचा फरक पडतो. 'साडेपाचला राजहंसगडावर भेटू' हे वाक्य मे महिन्यात ठीक आहे. डिसेंबरात त्याच वेळेला निघालात तर दुसऱ्या रेल्वे गेटवर एक गाडी जाईपर्यंतच उजेड संपत आलेला असतो.

दुसरी जागा शोधताना या जिल्ह्याची एक सोय आहे, ती वापरा. पाऊस पश्चिमेला, उघडीप पूर्वेला. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला ही सह्याद्रीच्या कुशीतली गावं पावसाळ्यात दिवसच्या दिवस धुक्यात असतात. बेळगाव शहरात त्याच्या कितीतरी कमी पाऊस, आणि गोकाक-सौंदत्तीकडं जावं तसं आभाळ मोकळं होत जातं. म्हणून जांबोटीच्या बाजूचं शूट असेल तर माझी दुसरी जागा कधीच आणखी पश्चिमेला नसते. गाडी वळवायची ती शहराच्या दिशेनं किंवा शहर ओलांडून पलीकडं. खानापूर तालुक्यातच राहायचं असेल तर हलशी धरा. भूवराह नरसिंहाचं बाराव्या शतकातलं देऊळ आहे, कदंबांच्या काळातलं. ओल्या काळ्या दगडापुढं फिकट रंगाचे कपडे छान उठून दिसतात. फक्त तिथं पूजा चालते, तेव्हा आधी पुजाऱ्यांना विचारायचं आणि चप्पल बाहेर.

गोकाकचा धबधबा दुसरी जागा म्हणून लिहिणाऱ्यांनी जपून. ५२ मीटरवरून कोसळणारं पाणी डोळ्यांपुढं आणून लोक फेब्रुवारीत जातात. घटप्रभेवर वरच्या अंगाला हिडकलचं धरण आहे, त्यामुळं पावसाळा सरला की कड्यावरून किती पाणी येतं ते वरून किती सोडलंय त्यावर ठरतं. उन्हाळ्यात बहुतेक वेळा नुसता कातळ बघून परत यायला लागतं. निघण्याआधी गोकाकातल्या कुणाला तरी फोन करून 'पाणी आहे का' विचारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पिशवीत काय घ्यायचं, यावर लोक तासभर बोलतात. माझ्याकडं महागड्या सामानापेक्षा या वस्तू जास्त कामाला आल्यात : कपड्याचे लाकडी चिमटे, रबर बँड, दोन मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, सेफ्टी पिना, काळी चिकटपट्टी, थर्माकोलचा अर्धा शीट, पार्ले-जीचे दोन पुडे आणि आजोबांचं जुनं पांढरं धोतर. धोतर धुवून धुवून इतकं विरलंय की उन्हात धरलं तर त्यातून बाजारातल्या डिफ्यूझरइतका मऊ उजेड पडतो. याशिवाय ५० एमएमची साधी लेन्स. मुख्य लेन्सनं दगा दिला तर अख्खं लग्न तिच्यावर निघतं. मी काढलंय, पाठीला रग लागली एवढंच.

बिनसल्यावरची पहिली पाच मिनिटं

कॅमेरा खाली. हे पहिलं. अडचण सोडवत असताना हातात कॅमेरा असला की अर्धं लक्ष त्यात राहतं.

मग पाहुण्यांना काय झालंय ते एका वाक्यात सांगायचं. 'काही नाही, काही नाही' म्हणू नका. तसं म्हटलं की लोक हमखास घाबरतात. "फ्लॅश चालेना झालाय, दहा मिनिटं द्या, तोवर चहा घ्या" असं सांगितलं की बहुतेक माणसं समजून घेतात. बोलायचं एकानंच. मी एक सांगतोय आणि माझा असिस्टंट दुसरं, असं झालं की नवऱ्याचे मामा मधे पडतात आणि पुढचं शूट मामा चालवतात.

त्यानंतर चिठ्ठी काढायची. पाचपैकी कुठल्या ओळी धोक्यात आल्या ते बघायचं. बऱ्याचदा असं दिसतं की पाचातली एकही नाही, नुसता आपला ठरलेला बेत मोडलाय. बेत मोडल्याचं दुःख फोटोग्राफरला असतं, पाहुण्यांना तो बेत माहीतसुद्धा नसतो.

शेवटी वेळेची मर्यादा. मी वीस मिनिटं धरतो. पाऊस, लाईट, उशीर, काहीही असो, वीस मिनिटांत सुटलं तर ठीक, नाहीतर चिठ्ठीतली दुसरी जागा. 'अजून पाच मिनिटं बघूया' म्हणत दीड तास गेलेली शूटं मी पाहिली आहेत, त्यातली दोन माझीच.

पाऊस

इकडचा पाऊस दोन जातीचा. एप्रिल-मेमधला वळीव, आणि जूनपासूनची झड.

वळीव दुपारनंतर येतो, धूळ उडवतो, तासाभरात निघून जातो. त्याला थांबायचं. तो गेल्यावर हवा धुतल्यासारखी होते आणि संध्याकाळचा उजेड वर्षातला सगळ्यात चांगला असतो. पण ढग गडगडायला लागले आणि तुम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर किंवा मोकळ्या माळावर असाल तर सगळं सोडून खाली उतरा. हातात स्टँड, डोक्यावर छत्री आणि आजूबाजूला एक झाड नाही, अशा ठिकाणी वीज कुणाला शोधेल ते सांगायला नको. इथं वीस मिनिटांचा नियमही नाही, लगेच उतरायचं.

झडीला थांबून उपयोग नसतो, तिच्यातच काम करायला शिकावं लागतं. कॅमेऱ्याला खोळ करायची. प्लास्टिकच्या पिशवीच्या बुडाला लेन्सच्या मापाचं भोक पाडा, लेन्सचं हूड त्यातून बाहेर काढून रबर बँडनं आवळा, पिशवीचं उघडं तोंड मागं आपल्याकडं ठेवा. शेतात गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतात तसलंच हे. लेन्स तोंड वर करून धरायची नाही, चालताना तर नाहीच. पुसायला सुती फडकं खिशात, छातीच्या बाजूला, म्हणजे ते कोरडं राहतं.

थेंब थिजलेले हवे असतील तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. सरी रेघांसारख्या दिसायला हव्या असतील तर १/६० च्या आसपास. नुसत्या ढगाळ उजेडात पाऊस फोटोत दिसतच नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो दिसायला मागून उजेड लागतो. जोडीच्या पाठीमागं जमिनीवर एक फ्लॅश ठेवा, तोंड तुमच्याकडं, वर पातळ पारदर्शक पिशवी. अधूनमधून पिशवी काढून फ्लॅशला वारा लागू द्या, बंद पिशवीत तो तापतो. धुक्यात ऑटोफोकस पुढं-मागं करत राहतो. तेव्हा कपड्याच्या काठावर किंवा केसांच्या कडेवर फोकस धरा, आणि एक्स्पोजर पाऊण स्टॉप वाढवा, नाहीतर पांढरं धुकं राखेसारखं येतं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या जोडीचं काय झालं? धबधब्याला जायचं ठरलं होतं. त्या बाजूचे बरेच धबधबे जंगल खात्याच्या हद्दीत आहेत, पावसाळ्यात तिकडं जायला बंदी घालतात, आणि परवानगी असती तरी तासाभरात पाणी वाढलं की परतीची वाट बंद होते. मी नाही म्हणून सांगितलं. नवरी हिरमुसली. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती, पत्र्याची, पुढं निळं प्लास्टिक ताणलेलं. प्लास्टिकमध्ये पाणी साठून पोट सुटलं होतं आणि टपरीवाल्या अक्का दर पाच मिनिटांनी काठीनं ते खालून ढकलायच्या. सगळं पाणी भसकन एका बाजूला पडायचं. तिसऱ्यांदा अक्कांनी काठी उचलली तेव्हा नवरा कप वाचवायला मागं सरला आणि नवरी हसत सुटली. तेवढे सहा फोटो मिळाले. निळ्या प्लास्टिकमुळं दोघांचे चेहरे निळसर आले, ते नंतर सुधारताना माझा जीव गेला. राहिलेलं प्रीवेडिंग ऑक्टोबरात केलं, कोरड्या हवेत. परत होणारं काम होतं, म्हणून सहा फोटोंवर थांबून परत फिरता आलं.

उजेडाची भानगड

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. नेमका तोच लग्नाचा हंगाम, आणि मुहूर्तही बऱ्याचदा तेव्हाचाच. अंगणात उभं केलं की डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा आणि नाकाला खाली मिशीसारखी सावली. अशा वेळी माणसांना मांडवाच्या कडेला आणा, सावलीत पण तोंड बाहेरच्या उजेडाकडं. अंगणातली फरशी किंवा पांढरी भिंत खालून उजेड परतवते, ते फुकटचं रिफ्लेक्टर. जागा नसेल तर दोन पोरांना धोतराची टोकं धरायला लावा. पोरं आनंदानं धरतात, फक्त ती फोटोत येणार नाहीत असं बघा.

आता एलईडीचा त्रास. हॉलमधल्या स्वस्त एलईडी आणि ट्यूब आपल्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२५० किंवा १/५०० ठेवलं तर फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, किंवा एक फोटो पिवळा आणि पुढचा हिरवा. पट्टे दिसले की घाबरून लेन्स बदलू नका. शटर १/१०० वर आणा, नाहीतर १/५० वर. सायलेंट शटर चालू असेल तर बंद करा. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचा हिशेब वेगळा असतो, तिला हे आकडे लागू पडतीलच असं नाही. पाहुणे यायच्या आधी चार-पाच शटर स्पीडवर एकेक फोटो काढून मोठा करून बघणं, हेच खरं.

आणि लाईट गेली तर? एकदा वडगावात हेच झालं. एका व्यापाऱ्याच्या साड्यांचा कॅटलॉग होता, आणि जोडीला मागावरचे दोन-तीन फोटो. नऊ साड्या व्हायच्या होत्या. यंत्रमागाच्या खटखटाटात आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. लाईट गेली आणि गल्लीभरचे माग एकदम थांबले. मी त्याच तारेत ओरडलो, "मामा, काठ इकडं करा की!" आणि त्या शांततेत माझा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. मामा हसले, त्यांनी काठ काही इकडं केला नाही. ते मागावर वाकून तुटलेले धागे जोडायला लागले, कारण माग बंद असतानाच ते काम होतं. छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उजेडाची चौकोनी वडी बरोबर त्यांच्या अंगठ्यावर पडली होती. थुंकी लावून धाग्याला दिलेला पीळ, नखाची कड, मागं अंधारात ताणलेले शेकडो उभे धागे. आयएसओ ३२००, शटर १/६०. ते फोटो मला आजही आवडतात.

चूक पुढं झाली. त्या उजेडाच्या नादात मी उरलेल्या साड्याही तिथंच काढल्या. काचेच्या कौलावर शेवाळ होतं. राणी रंग विटकरीकडं झुकला, मोरपंखी काळपट आला, जरीचा काठ तर पितळेचा दिसायला लागला. व्यापारी म्हणाला, "फोटो छान आहेत हो, पण ही माझी साडी नव्हे." दोन दिवसांनी सगळं परत केलं, माझ्या खर्चानं. कॅटलॉग परत होणाऱ्या खात्यातला होता. लाईट गेली तेव्हाच साड्या घडी करून ठेवायला पाहिजे होत्या. अडचणीतून उत्तम फोटो मिळतो असं लोक हौसेनं सांगतात. मिळतोही, पण पुष्कळदा तो मागवलेला फोटो नसतो. रंगाचं काम असेल तर दर उजेडबदलाला एक फोटो ग्रे कार्ड, म्हणजे ठरलेल्या राखाडी रंगाचा पुठ्ठा, धरून घ्या, म्हणजे निदान कुठं बिघडलं ते घरी समजतं.

यंत्र रुसलं तर

ट्रिगर चालेना झाला तर फ्लॅशला ऑप्टिकल स्लेव्ह मोड असतो, बऱ्याच फ्लॅशवर तो एस१ असा लिहिलेला असतो. कॅमेऱ्यावर छोटा फ्लॅश कमी ताकदीवर मारला की लांबचा आपोआप पेटतो. अडचण एकच, पाहुण्यांतल्या दुसऱ्या कुणाच्या फ्लॅशनंही तो पेटतो. अर्ध्या फोटोत काळी पट्टी येत असेल तर ट्रिगरला दोष देण्याआधी शटर बघा, १/२०० च्या वर गेलं असणार.

कार्ड एरर आली तर 'फॉरमॅट करू का' या कॅमेऱ्याच्या प्रश्नाला होय म्हणू नका. आधी कार्डाच्या कडेचा छोटा खटका लॉकवर सरकलाय का बघा, अर्ध्या वेळा तेवढंच असतं. तसं नसेल तर कार्ड काढा, त्याला लाल रबर बँड गुंडाळा, आतल्या खिशात ठेवा आणि दुसऱ्या कार्डावर पुढचं काम सुरू करा. बिघडलेल्या कार्डावर एकही नवीन फोटो काढला नाही तर घरी फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं बरंच परत मिळतं. परत मिळालेलं त्याच कार्डात साठवायचं नाही, संगणकावर साठवायचं. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर लग्नाला दोन्हीकडं एकदम फोटो जातील असं सेटिंग ठेवा. नुसती जागा वाढवायला दुसरं कार्ड वापरणं म्हणजे सुटा टायर घरी ठेवून चोर्ला घाट उतरणं.

लेन्स ओळखतच नसेल तर बॅटरी काढून घाला, लेन्स उतरवून मागचे पितळी ठिपके कोरड्या सुती फडक्यानं पुसा. एसी खोलीत नवरीच्या मेकअपचे फोटो काढून तडक मांडवात आलात तर काच धूसर होते. ती पुन्हा पुन्हा पुसू नका, पुसली तरी परत येते. दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, आणि त्या वेळात लेन्स बदलायची नाही, नाहीतर दमट हवा आत जाते.

माणसं

उशीर ही अडचण नाही, ती आपल्याकडची घड्याळाची पद्धत आहे. नवरीचा मेकअप चाळीस मिनिटं लांबला तर त्या वेळात दागिने, पाटल्या, देव्हारा, दारातली रांगोळी आणि ओसरीवर पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्या होऊन जातात. नंतर कुणी तेवढा वेळ देत नाही.

लहान पोर रडायला लागलं की कॅमेरा त्याच्या हातात द्या. गळ्यातला पट्टा आपल्याच मनगटाला गुंडाळून, अर्थात. पार्ले-जी दुसऱ्या क्रमांकाचा उपाय.

इथल्या लग्नात एक पक्ष मराठी आणि दुसरा कन्नड असणं काही नवलाचं नाही, आणि फोटोवाल्याला दोन्हीकडं चार शब्द यायला पाहिजेत. "इल्ले नोड्री, स्वल्प नगरी" (इकडं बघा, जरा हसा) एवढं म्हटलं तरी संकेश्वरकडचा अख्खा ग्रुप हसतो, निम्मे माझ्या उच्चारावर. ते हसू खरं असतं, मला काम झाल्याशी मतलब. गर्दीत गोंधळ झाला की ओरडून उपयोग होत नाही. दोन्हीकडची एकेक मोठी बाई हेरून ठेवायची, तिला नावानं, मानानं बोलवायचं, "अक्का, तेवढं आपल्या मंडळींना बोलवा की." पुढची सूत्रं अक्का सांभाळतात.

"इथं फोटो काढायचे नाहीत"

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, बघून सगळ्यांनाच मोह होतो. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली वास्तू, छतावर दगडात कोरलेलं कमळ. ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. मोबाईलवर फोटो काढणं वेगळं आणि स्टँड, लाईट, पेहराव केलेली जोडी घेऊन धंद्याचं शूट करणं वेगळं. दुसऱ्याला आधी लेखी परवानगी लागते. जंगलातही तसंच. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर पुढं सरकतं.

कॅम्पात, म्हणजे कॅन्टोन्मेंट भागात, लष्कराची हद्द कुठं सुरू होते ते रस्त्यावरून दर वेळी समजत नाही. कुणी हटकलं तर वाद न घालता कॅमेरा खाली आणि तिथून निघायचं, काढलेला फोटो पुसायला सांगितला तर पुसायचा. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा, रेड झोन म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याचा विमानतळ आणि शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, एवढं सगळं या गावात आहे. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी रेड झोनमधून सुटका नाही.

तारखांचंही बघा. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडं सीमाप्रश्नावरून मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी असते, रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. डिसेंबरात सुवर्ण विधान सौधमध्ये अधिवेशन भरलं की लॉजच्या खोल्या मिळत नाहीत आणि हायवेवर बंदोबस्त. गणपती विसर्जनाच्या रात्री आणि चित्ररथाच्या दिवशी गावात शूट घ्यायचं ते मिरवणुकीचंच.

त्याच रात्री

झालं ते त्याच रात्री ग्राहकाला लिहून कळवा, लपवू नका. मी साधारण असं पाठवतो : "दादा, आज पावसामुळं पाचपैकी तीन फोटो झाले. गडावरचे दोन राहिले. ते ऑक्टोबरात करून देतो, शूटचे वेगळे पैसे नाहीत, गाडीखर्च तुमच्याकडं." हेच आगाऊ रक्कम घेताना ठरलेलं असेल तर वाद होत नाही. हवामानामुळं एक तारीख फुकट बदलून मिळेल, दुसऱ्यांदा निम्मे पैसे, असं मी आधीच लिहून देतो. परत न होणारं काही निसटलं असेल तर फोन करायचा. मेसेजवर ते सांगू नये.

फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय झोपायचं नाही, आणि अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

कॅमेरा भिजला असेल तर 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबू नका. आधी बॅटरी बाहेर, कार्ड बाहेर, सगळी झाकणं उघडी, कोरड्या फडक्यानं टिपायचं, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर निदान दोन दिवस. तांदळात ठेवू नका, मग तो बेळगाव बासमती का असेना. तांदळाची भुकटी फटींतून आत जाते आणि पाणी आहे तिथंच राहतं. पावसाळाभर लेन्स अशाच डब्यात ठेवायच्या, आर्द्रता ४० ते ५० टक्के दाखवणारा छोटा मीटर आत टाकून, नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर बुरशीची जाळी धरते. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायलंय असं समजायचं. मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात, पण त्या निळ्यात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं चालत नाही. आमच्या घरी त्याची जुनी कढई गॅलरीत असते. बायकोनं तिच्यावर खडूनं लिहून ठेवलंय, 'ही फोटोची, भाजीची नव्हे.'